आत्मारामभाऊंची मशीन

टॉकीज बंद पडून वर्षं झाली, तरी आम्ही तिथले जुने लोक चहाला जमलो की कोणीतरी कोणावर तरी संशय घेतोच, आणि किश्शांत एकाची भर पडते! अमरावतीच्या त्या टॉकीजमध्ये मी बायकांच्या तिकीटखिडकीवर बसायचे. खिडकीतून सगळं दिसायचं.

*

आत्मारामभाऊ आमचे ऑपरेटर. सिनेमा दाखवायची मशीन मालकाची, पण जीव भाऊंचा. त्या खोलीत मॅनेजरलाही चप्पल काढून जावं लागे. एकदा साहेब चिडले, "हे काय देऊळ आहे?"

भाऊ म्हणाले, "चप्पल सोडून चोर पळत नाही, साहेब!"

*

भाऊ दोन डबे आणायचे. एक सगळ्यांत वाटायचे, दुसरा आमच्यासमोर कधीच उघडत नसत. गेटवरचे रहीमचाचा म्हणायचे, "ताई, उसमें पक्का बर्फी है!" एकदा चाचांनी डबा हलवून पाहिला. भाऊ आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

*

वलगावच्या प्रेक्षकांची शेवटची एसटी चुकू नये म्हणून सहाच्या शोत भाऊ एक गाणं गाळायचे. एका आजींनी एकाच दिवशी दोन्ही शो पाहिले आणि थेट माझ्या खिडकीशी!

"पोरी, दुपारी चार गाने होते. चौथं कोनं खाल्लं?"

"आजी, तुमची गाडी चुकेल म्हणून..."

"गाडी माही! तुमी कावून ठरवून राहिले?"

*

यंदा अकोल्याच्या एका हौशी मंडळाने जुन्या सिनेमाचं प्रदर्शन मांडलं. मालकाने मशीन देऊन टाकली. भाऊंना कोणी विचारलंही नाही. टेम्पो निघाला तेव्हा ते त्याचा नंबर हातावर लिहीत होते.

"भाऊ, अकोल्यालाच तर चाललीय."

"भंगारवालेबी अकोल्यात रायतेत, ताई."

*

उद्घाटनाला आम्ही जुने लोकही गेलो. मंडळाच्या अध्यक्षांनी बटण दाबलं. मशीन घरघरली, उजेड पडला, पण पडद्यावर नुसता पांढरा डाग! अध्यक्षांनी टेम्पोवाल्याकडे पाहिलं, मालकाने अध्यक्षांकडे, मी रहीमचाचांकडे.

मागच्या रांगेत भाऊ. न बोलावता एसटीने आलेले, मांडीवर दुसरा डबा. ते उठले, चप्पल काढली, डबा उघडला. मऊ फडक्यात मशीनची लेन्स!

"या खुदा," चाचा पुटपुटले, "बर्फी!"

भाऊंनी लेन्स बसवली. पडद्यावर घोडा दौडत आला. टाळ्याच टाळ्या! अध्यक्षांनी शाल घातली. शाल सावरत भाऊ परत लेन्स काढायला लागले.

"अहो, राहू द्या! इथे कुलूप आहे, चावी माझ्या खिशात आहे!"

"म्हनूनच तं," भाऊंनी डब्याचं झाकण लावलं. "उद्या किती वाजता उघडता?"