तेलाचा अंगठा

आमच्या भागात येणाऱ्या बिशपसाहेबांना लांबलचक स्वागत सोसत नसे. कुणी हार घेऊन बोलू लागलं की ते चष्मा पुसत म्हणत, "बरं, पुढं?" अंगठीचं चुंबन घ्यायला वाकलेल्याला ते दंड धरून उभं करत. मी वाडीतल्या चर्चचा मास्तर, प्रार्थना नि धर्मशिक्षण बघणारा. मला त्यांची भीतीच वाटे.

दुष्काळाच्या साली ते मिरजगावकडून जीपनं दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांना श्रद्धेत पक्कं करण्याच्या विधीला आले. बिशप अंगठ्यानं कपाळाला पवित्र तेल लावताना प्रत्येकाच्या खांद्यावर त्याच्या धर्मपित्यानं, म्हणजे पाठीशी उभ्या राहणाऱ्या साक्षीदारानं, हात ठेवायचा असतो. आणि आमची वरची आळी, माझ्यासकट, खालच्या आळीतल्या ख्रिस्ती माणसाला शिवत नसे. त्या आळीतला एक म्हातारा पुढं येऊन गुडघ्यांवर बसला. त्याचा धर्मपिता दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला, तो आलाच नाही.

"मास्तर, तुम्ही ठेवा हात," बिशपसाहेब म्हणाले.

मागून माझ्या पोरीचे होणारे सासरे बोलले, "मास्तर, हात लावला तर सोयरीक मोडली म्हनून समजा."

मी जागचा हललो नाही. बिशपसाहेबांनी तेलाचा अंगठा तसाच वर धरला. "मी हाय इथंच," ते आमच्याच बोलीत म्हणाले, "दिवस मावळला तरी."

अखेर मी गेलो आणि हात ठेवला.

सोयरीक मोडली. वरच्या आळीनं मला वाळीत टाकलं. टाकू दे, वेळ आली तर मी पुन्हा ठेवीन. खुपतं ते एवढंच, की त्या म्हाताऱ्याला तेवढा वेळ गुडघ्यांवर ताटकळत ठेवलं, ते मी.