धोंडिबाची दवंडी

गावाचं नाव इथे न लिहिलेलं बरं. लिहिलं तर हा मजकूरही एखाद्या सकाळी दिसेनासा व्हायचा. लोणावळ्याहून औंढ्याच्या अंगाने पुढे गेलं की एक ओढा लागतो. ओढ्याच्या अलीकडे गाव, पलीकडे बौद्ध वस्ती आणि वस्तीच्या कडेला तिचं स्मशान, एवढं सांगितलं तरी पुरे. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या तिथवर येतात, स्मशानाच्या भिंतीला खेटून उभ्या राहतात आणि गाड्यांतली माणसं भिंतीवर बशा ठेवून भजी खातात. भिंतीपलीकडे काय आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. उगाच भजी कशाला वाया घालवायची.

या वस्तीत शालन राहते. वय सत्तेचाळीस, शिक्षण सातवी, नोकरी खंडाळ्यातल्या एका बंगल्यावर. मालक वर्षातून दोनदा येतात, बाकी भाड्याचे पाहुणे. चादरी बदलायच्या, गिझर चालू करायचा आणि वाय-फायचा पासवर्ड सांगायचा, हे तिचं काम. पाहुणे पासवर्ड आधी विचारतात, प्यायचं पाणी नंतर. इंटरनेट ही माणसाची केवढी गरज आहे हे शालनला कोणत्याही मंत्र्याच्या आधी कळलं ते असं.

तिचा नवरा पाच वर्षांपूर्वी गेला. त्याचा सख्खा भाऊ तळेगावला कारखान्यात होता. त्याचा एक नंबर बंद, दुसरा कुणाकडे नव्हता. तो आला तेव्हा राख गार झाली होती. दीर दारात उभा राहून लहान मुलासारखा रडला, आणि ते रडणं शालनच्या मनातून गेलंच नाही. तेराव्या-चौदाव्याची भानगड वस्तीत नाही, त्यामुळे आठवड्याभरात ती कामावर गेली आणि बंगल्याच्या वाय-फायवर तिने फोनमध्ये एक पेज काढलं: 'वस्तीची बातमी'.

पेजवर काय असायचं? कोण गेलं, कितीला नेणार, कुणाला फोन करायचा. शिष्यवृत्तीचा अर्ज कधीपर्यंत, जातीच्या दाखल्याचा कॅम्प कुठे, कोणत्या कारखान्यात माणसं घेतायत. लिहायची तिची एक तऱ्हा होती. पाण्याची मोटर जळाली की लिहायची, 'मोटर जळाली. या वर्षी चौथ्यांदा. मोटरच्या घरच्यांचं सांत्वन करावं.' वस्तीतली माणसं पोटासाठी चार दिशांना पांगलेली. कुणी रेल्वेत, कुणी हॉटेलात, कुणी एमआयडीसीत कंत्राटावर. कामाच्या मधल्या सुट्टीत सगळे डबा उघडायच्या आधी पेज उघडायचे.

मग ती नोटीस सापडली. शालन पंचायतीत कसल्याशा दाखल्याला गेली होती. ग्रामसेवकांचं पेन टेबलावरून घरंगळलं आणि लोखंडी कपाटामागे गेलं. खोलीत आणखी तिघे पुरुष बसले होते, पण पेन काढायला अर्थातच शालनला सांगितलं. तिने मोबाइलची बॅटरी लावून हात आत घातला, तर पेनाच्या वर, भिंतीला व्यवस्थित खळ लावून चिकटवलेला सरकारी कागद. तिने पेन काढायच्या निमित्ताने त्याचा फोटोही काढला. बाहेर येऊन तो उभ्याउभ्या वाचला. वस्तीच्या स्मशानाची जागा पर्यटकांच्या वाहनतळाला द्यायची होती. ज्यांची हरकत असेल त्यांनी महिनाअखेरच्या सुनावणीला हजर राहावं, न राहिल्यास हरकत नाही असं समजण्यात येईल. नोटीस प्रसिद्ध करावी असा कायदा आहे. कपाटामागे करू नये असं त्यात कुठे म्हटलेलं नाही.

शालनने फोटो पेजवर टाकला आणि आपल्या तऱ्हेने खाली लिहिलं, 'स्मशानात गाड्या लावायचं चाललंय. नोटीस पंचायतीत कपाटामागे आहे. वाचायची असेल तर कपाट हलवायला चारजण घेऊन या.'

तिसऱ्या दिवशी पेज गायब. त्या जागी एक वाक्य: सरकारच्या कायदेशीर मागणीवरून हे पेज तुमच्या देशात उपलब्ध नाही. शालनने ते दोनदा वाचलं. आपलं काही देशभर असू शकतं हेच तिला नवीन होतं.

ती रजा टाकून तालुक्याच्या कचेरीत गेली. या खिडकीवरून त्या खिडकीवर करत शेवटी सुहास नावाच्या कारकुनासमोर उभी राहिली. सुहास तसा भला माणूस. त्याने पेजवर काय होतं ते विचारलं. शालन म्हणाली, तुमचीच नोटीस होती. त्याने संगणकावर पेज उघडून पाहिलं, उघडेना. मग हात पसरून त्याने अडचण सांगितली, की पेज दिसल्याशिवाय त्यात आक्षेपार्ह काय आहे हे ठरवता येणार नाही, आणि ते ठरल्याशिवाय पेज दिसणार नाही. हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं, की त्यात काही चुकतंय असं त्याला स्वतःला तरी वाटलं नसावं. बंद कुणी केलं, म्हणून तिने विचारलं तर त्याने बोट वर केलं. शालनने वर पाहिलं. वर पंखा होता.

तक्रार कुणी केली, आदेश कुणी काढला, त्याची प्रत मिळेल का, या सगळ्याला गोपनीय हे एकच उत्तर होतं. पण ती हलेना, तेव्हा सुहासने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. कारण त्याच्या कानावर आलं होतं. जमाव जमवण्याचं आवाहन आणि शासकीय मालमत्तेस धोका. मालमत्ता म्हणजे ते कपाट.

"चारजनांचा कसला वो जमाव?" शालन म्हणाली.

"मावशी, चार ते आणि बोलावणाऱ्या तुम्ही, पाच झाले. पाचाला कायद्यात जमाव म्हणतात."

"मग आमी मयत न्यायची कशी? खांद्याला चार लागत्यात, आन् मेलेला पाचवा."

सुहासने याचं उत्तर फायलीत शोधल्यासारखं केलं आणि पुढच्याला बोलावलं.

आता कुणी म्हणेल, पेज गेलं तर गेलं, व्हॉट्सअॅप ग्रुप होता की. होता. पण पेज बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी चौकीवरून एक शिपाई वस्तीत येऊन गेला. ओरडला नाही, शिवी दिली नाही, चहा पिऊन गेला. जाताना एवढंच म्हणाला, की ग्रुपमध्ये कोण कोण आहे त्याची यादी वरून मागितलीय. संध्याकाळपर्यंत ग्रुप निम्मा रिकामा झाला. तळेगावची पोरं सगळ्यात आधी बाहेर पडली. कंत्राटी कामाला गेटपास लागतो, गेटपासला पोलिसांचा दाखला लागतो. मोठ्या सोसायटीतला साहेब पेजबंदीविरुद्ध इंग्रजीत लेख लिहितो आणि टाळ्या घेतो. कंत्राटावरचा पोरगा नुसता ग्रुपमध्ये दिसला तरी त्याची भाकरी जाते. शालनला त्यांचा राग आला नाही. ती त्यांच्या आयांना ओळखत होती.

त्या महिन्यात शिष्यवृत्तीची शेवटची तारीख वस्तीतल्या सात मुलांना कळलीच नाही. पण शालनला खरं लागलं ते येसूबाईचं. येसूबाई शेवटच्या घरातली म्हातारी. ती गेली तेव्हा तिची लेक खंडाळ्यात हॉटेलात भांडी घासत होती, शालनच्या बंगल्यापासून हाकेच्या अंतरावर. फोन होता, पण त्यात रिचार्ज नव्हता. हॉटेलातलं कुणीतरी पेज वाचून तिला नेहमी सांगायचं. त्या दिवशी बंगल्यावर असलेल्या शालनलाही रात्री घरी परतल्यावर कळलं, लेकीला दुसऱ्या दिवशी. तीही दारात उभी राहून तशीच रडली. ज्यासाठी पेज काढलं तेच पुन्हा डोळ्यांसमोर झालं. शालनला भयंकर संताप आला, आणि संताप काढायचा कुणावर, पंख्यावर? म्हणून तीही तिच्याबरोबर रडली.

सुनावणीला नऊ दिवस राहिले होते. माणसं आली नाहीत तर स्मशान जाणार होतं. नवरा तिथे, येसूबाई तिथे, आणि त्यांच्यावर गाड्यांची चाकं. अशात तिची भाची पायल हिचा फोन आला. पायल दुबईत नर्स आहे. मावशी, पेजवर बरेच दिवस काही टाकलं नाहीस, म्हणाली. शालनने विचारलं, तुला दिसतंय? पायलला तर सगळं दिसत होतं, नोटीससुद्धा. म्हणजे वस्तीच्या स्मशानाची बातमी दुबईत वाचता येत होती, वस्तीत नाही. देश एवढा सुरक्षित झाला होता.

मग वस्तीच्या बातम्या दुबईहून येऊ लागल्या. पेजवरच्या जुन्या मयतीच्या निरोपांत घराघरातले नंबर होते. पायल ड्यूटीतून सुटली की एकेक नंबर लावायची आणि सुनावणीची तारीख सांगायची. शालनचा फोन उचलायला माणसं घाबरायची. दुबईचा नंबर दिसला की धावत उचलायची.

सुनावणीला तेवीस जण आले. शालनचे सासरे रखमाजीआबा, वय शहाऐंशी, काठी टेकत आले आणि पहिल्या रांगेत बसले. समोर सुनावणीचे साहेब, शेजारी सरपंच निवृत्तीभाऊ. निवृत्तीभाऊ वाईट माणूस नाहीत. गावातली निम्मी जमीन त्यांच्या भावकीची आहे, त्यामुळे वाईट व्हायची त्यांना सहसा गरज पडत नाही. तेवीस माणसं पाहून त्यांचा चेहरा उतरला. साहेबांनी विचारलं, नोटीस निघून इतके दिवस झाले, तोवर एकाचीही लेखी हरकत का आली नाही? शालन उठून म्हणाली, नोटीस कपाटामागं होती, आणि पुढं काढली तर पेज बंद केलंत. पेजचा विषय माझ्याकडे येत नाही, असं साहेब म्हणाले. आणि नोटिशीचं म्हणाल तर रीतसर प्रसिद्धी झाली आहे. नुसती चिकटवून नव्हे, गावात दवंडीसुद्धा दिली आहे. त्यांनी फायलीतला पंचनामा काढून वाचून दाखवला. दवंडी देणाऱ्याचं नाव, धोंडिबा. सही, डाव्या अंगठ्याचा ठसा.

रखमाजीआबांनी हळूच मान वर केली.

धोंडिबा म्हणजे रखमाजीआबांचे वडील. त्या काळी गावाची दवंडी त्यांच्याच गळ्यात होती. मेलेलं जनावर ओढायचं, मयतीचा सांगावा उन्हातान्हात पोचवायचा आणि वेशीबाहेर उभं राहून भाकरीची वाट बघायची, या सगळ्याबरोबर. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली आणि डफ ओढ्यात टाकून दिला. गावाने त्यानंतर दुसरा दवंडीवाला नेमला नाही. पण पंचायतीत मागच्या कागदावरून पुढचा कागद उतरवायची पद्धत आहे. त्या पद्धतीने धोंडिबा जवळजवळ सत्तर वर्षं दवंडी देत होते, आणि लागेल तेव्हा अंगठाही उमटवत होते. शालनने बोटाने लिहिलेलं खरं पेज बंद करायला सरकारला तीन दिवस लागले. हे खोटं पान मात्र चालू राहायला कुणाचीच हरकत नव्हती, कारण ते कुणी वाचतच नव्हतं.

"सायेब," शालन म्हणाली, "ह्यो मानूस एकाहत्तर साली मेला. ज्या जागंवर तुमी गाड्या लावनार, तितंच जाळलाय त्याला. आता तितनं उठून येऊन त्यानं दवंडी दिली असंल, तर त्यालाच इचारा जागा द्यायची का न्हाई."

साहेबांनी अंगठ्याकडे पाहिलं, मग निवृत्तीभाऊंकडे. निवृत्तीभाऊंनी डावा हात सावकाश खिशात घातला.

साहेब चिडले ते धोंडिबा मेले म्हणून नाही, आपल्या सहीखाली मेलेल्याचा अंगठा सापडला म्हणून. त्यांनी तिथल्या तिथे आदेश लिहिला. हयात माणसाने गावात रीतसर दवंडी द्यावी, त्याचं चित्रीकरण करावं, त्याशिवाय पुढची सुनावणी नाही. शालनने पेज उघडायचंही त्यात लिहा म्हणून सांगून पाहिलं. ते त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनीही बोट वर केलं.

पुढच्या रविवारी सकाळी निवृत्तीभाऊ स्वतः वस्तीत आले. ओढा ओलांडून ते निवडणुकीखेरीज कधी आले नव्हते. ओट्यावर बसले, शालनने चहा दिला. त्यांनी रखमाजीआबांच्या तब्येतीची चौकशी केली, पाऊसपाण्याचं बोलले आणि मग मुद्द्यावर आले. दवंडी काय, नुसती नावाला द्यायची. पाच मिनिटांचं काम. आबांच्या घराकडेच ते पूर्वीपासून होतं, त्यांनी नुसता डफ धरून वेशीपर्यंत यावं, व्हिडिओ काढतो, संपलं. गावात दुसऱ्या कुणाला सांगावं तर कुणी तयार होईना, लाज वाटते म्हणतात.

रखमाजीआबांनी शांतपणे ऐकून घेतलं. लाजेचं ऐकून त्यांना हसू आलं असावं, पण ते त्यांनी चहाबरोबर गिळलं.

"निवृत्तीभाऊ, डफ बापानं छप्पन सालीच वड्यात टाकला. तुमी नवा आना. तुमच्या घरातलं कुनीबी हुबं करा, येशीत. ठेका मी शिकवतो."

निवृत्तीभाऊ बघतो म्हणाले आणि अर्धा चहा ठेवून उठले. त्याला आता आठ महिने झाले, अजून ते बघतायत. सुनावणी लागलेली नाही, स्मशान जागेवर आहे. पेज मात्र बंदच आहे. परवा वस्तीत एक मयत झाली, तेव्हा घरोघर दुबईहून फोन गेले आणि माणसं वेळेवर पोचली. खांद्याला चौघे होते, आणि मेलेला पाचवा. या जमावावर अजून तरी कुणी कारवाई केलेली नाही.