एडविन नवगावकरचे न पाहिलेले सामने

एडविन नवगावकर चौदा वर्षं रेडिओवर क्रिकेट सांगत होता आणि त्यातला एकही सामना त्याने पाहिलेला नव्हता. हे मी चेष्टेने म्हणत नाही. कॅनडातल्या विंडसरमधल्या आम्हा वीस-पंचवीस मराठी घरांत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी दर रविवारी सकाळी अकराला आम्ही रेडिओला कान लावून बसायचो. माणूस फसायला तयार असला की त्याला फसवायला फार कष्ट पडत नाहीत. एडविन मात्र कष्ट घ्यायचा.

तो अलिबागकडचा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. मुंबईत रेल्वेच्या ऑफिसात कारकून होता आणि अधूनमधून रेडिओवर खेळांच्या बातम्या वाचायला जायचा. नुसत्या वाचायला. मैदानावर बसून सामना सांगायला दुसरी माणसं होती, वशिल्याची, असं तो म्हणायचा. वशिल्याचं मला माहीत नाही. पण एकदा तरी डोळ्यांनी बघत बघत सामना सांगायचा, ही एकच हौस घेऊन तो १९६८ साली कॅनडात उतरला. त्याची बायको, मिरियमवहिनी, ती हौस ऐकून सोबत आली.

वहिनींची धाकटी बहीण ईव्हा टोरांटोत होती. त्यांची माणसंही तिथेच, मोजकी पण होती. सणाला एकत्र जमायची, प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष भरायचे. विंडसरमध्ये त्यांच्यातलं दुसरं घर नव्हतं. पण विंडसरच्या एका लहानशा रेडिओ स्टेशनने एडविनला रेकॉर्ड लायब्ररीत नोकरी दिली, आणि टोरांटोतल्या कुणी दिली नाही. "दोन वर्षं काढू, मग जाऊ टोरांटोला," असं तो वहिनींना म्हणाला. मी हे वाक्य प्रत्यक्ष ऐकलंय. आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. बेसमेंटमधल्या लाँड्रीत आमची ओळख झाली, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत त्याने मलाही हेच सांगितलं.

त्या स्टेशनवर वॉल्टर हॅनलन नावाचा म्हातारा होता. नदीपलीकडच्या डेट्रॉइटचा अमेरिकन, रेडिओ नवा होता त्या काळापासून बेसबॉल सांगत आलेला. तेव्हा परगावच्या सामन्याला माणूस पाठवणं स्टेशनांना झेपायचं नाही. मग मैदानावरून तारेने मजकूर यायचा, एकेका चिठ्ठीवर दोन-तीन अक्षरं, आणि वॉल्टर स्टुडिओत बसून त्यातून अख्खा सामना उभा करायचा. लाकडाच्या ठोकळ्यावर पेन्सिल आपटली की फटका. गर्दीच्या आवाजाची तबकडी लावली की गर्दी. मैदानावर ऊन आहे की ढग, हेही तोच ठरवायचा.

वॉल्टरने ही सगळी विद्या एडविनला दिली. दुसरं कुणी शिकायला तयार नव्हतं, कारण ती विद्या केव्हाच मोडीत निघाली होती. तिचा पहिला नियम असा: पुढची चिठ्ठी हातात आल्याशिवाय आधीची बोलायची नाही. पुढे काय घडणार हे ठाऊक असलं तरच आवाज कुठे चढवायचा ते कळतं. एडविनने हा नियम वेदवाक्यासारखा धरला. आमच्याकडे म्हणायचं म्हणून वेदवाक्य, त्याच्याकडे काय म्हणतात ते त्याला विचारायचं राहिलं.

१९७० साली स्टेशनने भारतीयांसाठी रविवारी अर्धा तास दिला. गाणी, चार बातम्या, आणि शेवटची बारा मिनिटं एडविनचं क्रिकेट. इंग्लंडातल्या कसोटीला तेव्हा रविवारी सुट्टी असायची. एडविनची बहीण एस्सी लंडनला होती. रविवारी सकाळी सातला तो तिला फोन करायचा, ती पेपरातला शनिवारचा खेळ वाचून दाखवायची आणि हा चिठ्ठ्या करायचा. मग स्टुडिओत बॅटच्या तुटक्या दांड्यावर पेन्सिल आपटत तो सामना सांगायचा, आणि आमचे डॉक्टर गुरुदत्त नाडकर्णी, ज्यांना कसोटीचं वेळापत्रक तोंडपाठ होतं, तेसुद्धा रविवारी सुट्टी असते हे विसरून नखं खात बसायचे.

एकदा फोन मध्येच तुटला. पुन्हा लागेचना. आपला फलंदाज त्रेचाळीसवर खेळतोय इथवरच एस्सीने वाचलं होतं. एडविन तसाच स्टुडिओत गेला आणि त्या फलंदाजाला त्याने अकरा मिनिटं नुसते चेंडू अडवायला लावले. शेवटच्या मिनिटाला त्याच्या बुटाची नाडी सोडवून घेतली. नाडकर्णी डॉक्टरांनी त्या दिवशी सगळ्यांना जेवायला बोलावलं. तो पुढच्याच षटकात बाद झाला होता हे सोमवारी कळलं, तेव्हा डॉक्टर फोनवर म्हणाले, "एडविन, दॅट वॉज नॉट फेअर. मी श्रीखंड केलं होतं." एडविनने माफी मागितली. मग मला म्हणाला, "रवींद्र, मी तिथे असतो तर असं झालं असतं का?"

हे तो वारंवार म्हणायला लागला होता. मी तिथे असतो तर. आठवडाभर रेकॉर्डची खोकी उचलायची, जाहिरातींचे तक्ते करायचे, बर्फात बसची वाट बघायची आणि रविवारी न पाहिलेल्या उन्हाचं वर्णन करायचं. कार्यक्रम संपला की तो माझ्या गाडीत येऊन बसायचा आणि त्या दिवशीच्या चिठ्ठ्या बारीक फाडत राहायचा. दोन वर्षांची चार झाली, चाराची सहा.

१९७४ साली खरी संधी आली. जवळच्या रिंगणात पोरांचा आइस हॉकीचा सामना होता, नेहमीचा माणूस आजारी पडला, वॉल्टरने एडविनचं नाव रेटलं. सामना शनिवारी दुपारी. कोकणात या लोकांना शनिवार तेली म्हणायचे, त्यांच्या धर्मात शनिवारी काम वर्ज्य, त्या दिवशी घाणा बंद ठेवायचे म्हणून. तो घाणा अलिबागला राहिला, पण शनिवार यांच्यासोबत आला होता. शुक्रवारी संध्याकाळी वहिनींनी शब्बाथचा दिवा लावला आणि म्हणाल्या, "तू जा. मी काही म्हणणार नाही." एडविन गेला नाही. त्याने स्टेशनला कळवलं, शनिवारी नाही. पुन्हा त्याला कुणी विचारलं नाही. मी त्याला मूर्ख म्हणालो, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होत नाही. गेला असता तर पुढची दहा वर्षं वाचली असती.

वहिनींनी टोरांटोचं नाव त्यानंतर काढलं नाही. वर्षातून दोनदा त्या बसने ईव्हाकडे जाऊन यायच्या आणि येताना डबाभर करंज्या आणायच्या.

त्र्याऐंशीच्या जूनमध्ये भारताने विश्वचषक जिंकला, तोही शनिवारी. सगळी वस्ती एकमेकांना फोन करत सुटली आणि एडविनच्या घरचा फोन वाजून वाजून थकला. तो उचलणारच नव्हता. रविवारी त्याने तो सामना असा सांगितला की स्टेशनवर पत्रांचा ढीग पडला. त्या पत्रांमुळे पुढच्या उन्हाळ्यात स्टेशनने ठरवलं, विंडसर आणि डेट्रॉइटच्या भारतीयांचा क्रिकेटचा सामना पार्कमधून थेट प्रसारित करायचा. रविवारी, दोन तास, एडविनच्या आवाजात.

तेव्हा त्याला एकोणसाठावं लागलं होतं. वॉल्टर वारला होता. एडविनने नवा कोट घेतला. मी म्हटलं, "रेडिओवर कोट कुणाला दिसणार?" तो म्हणाला, "मला दिसेल."

पार्कात टेबल मांडलं, मायक्रोफोन ठेवला. बायकापोरं घडीच्या खुर्च्या टाकून, हातात ट्रान्झिस्टर घेऊन बसली. वहिनींनी घरूनच ऐकायचं ठरवलं होतं. एडविनने नमस्कार सांगितला, मैदान सांगितलं, वारा सांगितला. पहिला चेंडू पडला. एडविन गप्प. दुसरा पडला, तेव्हा त्याने पहिला सांगितला. तिसऱ्याला दुसरा. त्याच्या हातात पुढची चिठ्ठी नव्हती, म्हणून तो पुढच्या चेंडूची वाट बघत होता. तिसऱ्या षटकात आमचा दिलीप त्रिफळाचीत झाला, कडेला येऊन बायकोकडून लिंबू सरबत घेऊन प्यायला, आणि ट्रान्झिस्टरवर एडविन त्याला अजून खेळवतच होता. लोक आधी हसले. मग एडविनने ते हसणं पाहिलं आणि तो थांबला.

रेडिओवर अर्धं मिनिट शांतता म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. स्टेशनचा माणूस हात हलवून बोला बोला म्हणत होता. एडविन नुसता मैदानाकडे बघत होता. मला फार वाईट वाटलं. मी खिशातलं ग्रोसरीच्या यादीचं पॅड काढलं आणि लिहिलं: ऑफला, एक धाव. पुढच्या पानावर: अडवला. दोन्ही पानं त्याच्यापुढे सरकवली.

त्याने ती वाचली. मग खुर्ची फिरवली, मैदानाकडे पाठ केली आणि बोलायला लागला. पावणेदोन तास मी लिहीत होतो आणि तो बोलत होता. काय बोलला! ज्या टुकार गोलंदाजाला आम्ही दर रविवारी शिव्या घालायचो, त्याच्या धावण्यात त्याने डौल घातला. लोक समोरचा खेळ सोडून ट्रान्झिस्टरकडे बघत होते. स्टेशनचा माणूस खूश होऊन म्हणाला, दर महिन्याला करू. एडविनने मान हलवून नाही म्हटलं आणि कोट काढून हातावर घेतला.

मी त्याला घरी सोडायला गेलो. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. "छान झालं रे," त्या म्हणाल्या, "मला सगळं दिसलं."

"मला नाही दिसलं," एडविन म्हणाला. "पाठ करून बसलो होतो. रवींद्रला विचार."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

एडविन खुर्चीत बसला. "मिरियम, आपण टोरांटोला जाऊ या. आता इथे माझं काही राहिलं नाही."

वहिनी भात उपसत होत्या. त्या थांबल्या नाहीत. "ईव्हा मार्चमध्ये मुलीकडे इस्रायलला गेली, एडविन. घर विकून गेली. तिच्याशेजारचे पेझारकरही गेले."

"माहीत आहे मला. तरी जाऊ."

"दहा वर्षांपूर्वी म्हणाला असतास तर मी चपला घालायला थांबले नसते." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "आता माझे गुडघे दुखतात. इथला डॉक्टर ओळखीचा आहे. राहू दे." मग त्या माझ्याकडे वळल्या. "रवीभावजी, तुम्ही जेवूनच जा. आम्हा दोघांना एवढं संपत नाही."