शेजारच्या काकूंचं दुधीचं बी

लग्न होऊन मी नेरला आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी शेजारच्या काकूंनी दुधीचं बी दिलं. ते त्यांच्या बहिणीने उमरखेडहून पाठवलं होतं. न्हाणीमागे वेल जोमाने चढला, पण पहिला दुधी कडूजहर निघाला आणि दुसराही तसाच.

सासूबाई म्हणाल्या, "तिनं मुद्दाम देल्लं तुले."

मलाही तसंच वाटलं. काकूंनी विचारलं, "दुधी कसे निंगाले वं?" त्यांना आनंद मिळू नये म्हणून मी म्हटलं, "गोड हायेत." त्यांचा चेहरा एकदम पडला. माझा संशय पक्का झाला.

आठवड्याने कुंपणापलीकडे पाहिलं तर काकू स्वतःचा वेल बुडातून कापत होत्या.

"काहून तोडून राह्यल्या, काकू?"

त्या दचकल्या. "माह्ये सारे कडू निंगाले. बी एकच, अन् तुह्ये गोड! मले वाटलं, तूच माह्या वेलाले काही केलं."

मी माझा दुधी चिरून त्यांना फोड दिली. त्यांनी ती चाखून लगेच थुंकून टाकली. मग आम्ही दोघींनी मिळून माझाही वेल उपटला. पुढच्या वर्षी मात्र बी दोघींनी वेगवेगळ्या दुकानांतून आणलं.