वेलिकाताईची घाटात अडकलेली सहल

रूसेच्या बंदरात वेलिकाताईने एकतीस वर्षं क्रेन चालवली. डॅन्यूब नदीतून आलेल्या बोटीतलं लोखंड, गहू, खत, जे काही असेल ते उचलायचं आणि धक्क्यावर अलगद टेकवायचं. जमिनीपासून तीस मीटर वर, काचेच्या खोपटात ती एकटी बसायची. मी खाली कामगारांच्या खानावळीत स्वयंपाक करायचे. दुपारी जेवायला उतरली की तिचं पहिलं बोलणं वाऱ्याचं असायचं.

"इस्क्रा, तीननंतर वारा फिरतोय. टॉवेल आत घे."

मी घ्यायचे. इतक्या वर्षांत ते टॉवेल फार तर दोनदा उगाच आत आले असतील.

स्कीइंग ती अडतिसाव्या वर्षी शिकली. युनियनने कामगारांना आठवडाभर पिरिनच्या डोंगरात नेलं होतं. पाचव्या दिवशी ती एकदाही न पडता उतार उतरून आली आणि खाली पोचल्यावर शिक्षकाला म्हणाली, "आपलं वजन कुठे आहे ते कळलं की झालं. एवढ्यासाठी पाच दिवस ओरडत होतात?" पुढच्या वर्षी तिने स्वतःच माणसं जमवली. नंतर युनियन गेली, निम्मं बंदर बंद पडलं, तिचा नवरा गेला, पण फेब्रुवारीतली सहल चुकली नाही. आमच्या स्की मंडळाची ती अध्यक्ष, खजिनदार, शिपाई, सगळं काही होती.

मी सांगतेय त्या वर्षी ती त्रेसष्ट वर्षांची होती आणि आम्ही सतरा जण होतो. त्यात कामेन नावाचा दातांचा डॉक्टर होता, चाळिशीचा, हुशार आणि जरा घाईचा. पुढच्या वर्षापासून मंडळ त्याच्याकडे द्यावं, अशी कुजबुज आमच्यात सुरू झाली होती. वेलिकाताईच्या कानावर ती गेली नसेल असं मला वाटत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी कामेनने फोन पुढे केला. "ताई, उद्या संध्याकाळपासून घाटात हिमवादळ सांगितलंय. एक दिवस थांबू या."

"संध्याकाळी ना? दुपारी दोनला आपण घाट उतरलेले असू."

"आणि उशीर झाला तर?"

"मी असताना बस कधी उशिरा सुटलीय का, डॉक्टर?"

बस उशिरा सुटली नाहीच. सकाळी सातला सुटली. पण तासाभरातच स्पासभाऊंनी ती कडेला घेतली. स्पासभाऊ अकरा वर्षं आमची बस चालवत होते. मागच्या चाकात काहीतरी घासत होतं. दुरुस्ती होईतो अकरा वाजले. दरम्यान आमच्या स्की, बूट आणि निम्म्या बॅगा घेऊन पुढे गेलेल्या व्हॅनमधून वेलिकाताईच्या भाच्याचा, ब्लागोयचा फोन आला.

"आत्या, मी बहुतेक दुसऱ्या घाटाला लागलोय."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे लागलोयच. अर्धा चढून झालाय."

"मग आता मागे फिरू नकोस. पलीकडे उतर आणि तिथेच थांब," ती म्हणाली आणि फोन ठेवून आमच्याकडे वळली. "स्की आपल्या आधी पोचणार. कुणीतरी वेळेवर पोचतंय, हे काय कमी आहे?"

बसमध्ये हशा झाला. कामेन हसला नाही.

आम्ही बाल्कनच्या घाटाला लागलो तेव्हा तीन वाजत आले होते आणि वादळाने संध्याकाळची वाट पाहिली नाही. शेवटच्या चढावर समोरचं काहीच दिसेना. रस्त्याच्या कडेला बर्फात रोवलेले काळे-पिवळे खांब तेवढे एकेक करून पुढे येत. मग इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. स्पासभाऊंनी पुन्हापुन्हा किल्ली फिरवली.

"डिझेल गोठलं," ते म्हणाले. "खालच्या पंपावर हिवाळ्याचं, न गोठणारं म्हणून घातलं होतं. कसलं हिवाळ्याचं!"

कामेनने आणीबाणीचा नंबर लावला. पलीकडच्या बाईने शांतपणे सांगितलं, झाडं पडून घाट दोन्ही बाजूंनी बंद आहे, बर्फ काढायची गाडी उद्याच येईल, अगदी जवळ निवारा असेल तरच बस सोडा. फोन ठेवला तोवर खिडक्यांवर आतून बर्फाची जाळी धरू लागली होती. हीटर नाही, निम्मे गरम कपडे व्हॅनमध्ये. आमच्यात सत्तरी ओलांडलेले दोघे होते.

"मागे सहा किलोमीटरवर गाव आहे," कामेन म्हणाला. "उजेड आहे तोवर चालायला लागू."

"नाही," वेलिकाताई म्हणाली.

"ताई, कालही तुम्ही 'नाही'च म्हणालात. म्हणून इथे बसलोय आपण."

 मी वेलिकाताईच्या शेजारीच होते. तिने हातमोजे काढले, मांडीवर ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आज निघायचं मी ठरवलं. चुकलं ते. दोष माझा, दुसऱ्या कुणाचा नाही. आता पुढचंही मीच ठरवणार आहे आणि ते चुकणार नाही."

"कशावरून?"

"आता मी वाऱ्याकडे बघतेय. काल तुझ्याकडे बघत होते. म्हटलं, हा पोरगा मला शिकवणार! त्या नादात आकाश बघायचं राहिलं."

 ती उठून पुढच्या काचेपाशी गेली, तळहाताने एक गोल पुसला आणि बघत उभी राहिली.

"पुढच्या वळणाच्या वर रस्त्याची निगा राखणाऱ्यांचं जुनं घर आहे," ती न वळता म्हणाली. "दर वर्षी दिसतं. कुणी राहत असेल तर जायचं. नसेल तर इथेच एकमेकांना चिकटून बसायचं, पण गावाकडे कुणी चालायचं नाही. तिकडे वारा तोंडावर आहे."

दहाएक मिनिटं गेली. वाऱ्याचे झोत येत होते, बस हलत होती, मधेच सगळं विसावत होतं. अशाच एका विसाव्यात तिने काचेवर बोट टेकवलं.

"धूर! आडवा चाललाय, पण धूरच आहे. चूल पेटलीय तिथे."

आता तिला थांबवणं कुणालाच शक्य नव्हतं. स्पासभाऊंकडून तिने गाडी ओढायचा लांब दोर मागून घेतला. प्रत्येकाने तो डाव्या हाताला एक वेढा देऊन धरायचा. झोत आला की खाली बसायचं, ओसरला की चालायचं. म्हाताऱ्या दोघांना मधे घेतलं. सगळ्यात पुढे ती स्वतः, आणि सगळ्यात मागे कोण?

"डॉक्टर, तू मागे."

"मी?"

"मागच्या माणसाला सगळे दिसतात. माझ्या नजरेआड कुणी बसून राहिलं तर ते बघणारा शहाणा माणूस हवा. तुझ्याइतका मला इथे दुसरा दिसत नाही."

कामेन दोराचं टोक घेऊन मागे गेला.

ते अंतर साडेतीनशे मीटरही नव्हतं. आम्हाला पाऊण तास लागला. ती खांब मोजत होती आणि प्रत्येक खांबाला हात लावल्यावरच दोर पुढे ओढत होती. वारा यायच्या क्षणभर आधी ती "बसा!" म्हणून ओरडायची, आणि आम्ही बसेपर्यंत तो यायचा. तिला तो आधी कसा ऐकू यायचा, मला अजून सांगता येणार नाही. नवव्या खांबापाशी मागून दोराला हिसका बसला. आमच्यातला वृद्ध वेसेलिन बर्फात बसला होता, म्हणत होता, मी जरा टेकतो, तुम्ही व्हा पुढे. कामेनने त्याला काखेत हात घालून उठवला आणि पुढचं सगळं अंतर जवळजवळ उचलूनच आणला.

दार उघडलं ते एका बुटक्या, पांढऱ्या मिशांच्या माणसाने. त्याचं नाव मेतोदी. रस्तेखात्यातून तो कधीच निवृत्त झाला होता, पण घर सोडायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं. त्याने आमच्या बर्फाने माखलेल्या रांगेकडे पाहिलं.

"किती जण?"

"बसवाल्यासकट अठरा," वेलिकाताई म्हणाली.

"लाल्का!" त्याने आत हाक मारली. "घेवड्यात पाणी वाढव! लग्नाचं वऱ्हाड आलंय!"

लाल्का म्हणजे त्याची बायको. तिने घेवड्यात पाणी वाढवलं, मी बाह्या वर करून पीठ मळायला घेतलं, आणि मेतोदीने राकियाची, म्हणजे प्लमच्या घरगुती दारूची, बाटली काढली. वेसेलिनचे पाय लोकरीत गुंडाळून चुलीजवळ ठेवले. तासाभराने तो पोपटासारखा बोलायला लागला, तेव्हा वेलिकाताई बाहेरच्या खोलीत एकटी जाऊन बसली. मी मागोमाग गेले. तिने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते.

"थंडी?" मी विचारलं.

"नाही गं. तो उठला नसता तर?" एवढंच म्हणाली. मग नाक पुसलं, उठली आणि झोपायला कोणी कुठे पडायचं ते ठरवायला आत गेली.

वादळ दुसऱ्या दिवशीही होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर डोळे दिपले. निळं आकाश, आणि घरामागचं चढतं कुरण माथ्यापर्यंत पांढरंशुभ्र. दहाच्या सुमाराला दक्षिणेकडून बर्फ काढायची गाडी आली आणि तिच्या मागे, पिलासारखी चिकटून, ब्लागोयची व्हॅन.

"आत्या, स्की आणल्यात!"

"आणि डोकं? ते कुठल्या घाटात राहिलं?" असं म्हणत तिने त्याला मिठी मारली.

कामेनने फोन करून पाहिलं. आम्ही जाणार होतो तिथले स्कीवाल्यांना डोंगरावर नेणारे पाळणे वाऱ्याने बंद होते, निदान आणखी दोन दिवस. बस सुरू व्हायलाही दिवस जाणार होता. सगळे वेलिकाताईकडे बघू लागले. ती मेतोदीकडे बघत होती.

"या कुरणात दगड आहेत?"

"चाळीस वर्षं मी इथलं गवत कापतोय. दगड असता तर माझ्या विळ्याला कळला असता."

"आणि बर्फ घसरतो कुठे?"

"पलीकडच्या ओढ्यात. ह्या अंगाला कधीच नाही. त्या पाइनच्या वर मात्र जाऊ नका."

"तर पाइनपर्यंत," तिने जाहीर केलं. "चढायचं आपापल्या पायांनी."

आम्ही बुटांनी दाबून दाबून वाट केली. वीस मिनिटं चढायचं आणि मिनिटभरात खाली. कायम पाळण्यात बसून वर जाणारा कामेन दुसऱ्या चढणीला लालबुंद झाला, आणि वेसेलिन खाली खुर्चीत बसून ओरडला, "डॉक्टर, उचलून आणू का?" मग वेलिकाताईची नजर स्पासभाऊंवर गेली. अकरा वर्षं आम्हाला डोंगरात आणून सोडायचे आणि स्वतः बसमध्ये पत्ते खेळत बसायचे.

"स्पास, बूट चढव."

"वेड लागलंय? माझं पोट बघ!"

"बघतेय. वजन आयतंच पुढे आहे. अर्धं काम झालंय."

तिने त्यांना उताराच्या खालच्या, सौम्य टप्प्यावर उभं केलं, दोन्ही कोपर धरले आणि उलटी चालत खाली नेलं. सातव्यांदा तिने हात सोडले. स्पासभाऊ तोंड उघडं ठेवून, एक शब्द न काढता, सरळ रेषेत घसरत गेले आणि लाल्काच्या लाकडांच्या ढिगापाशी अलगद बसले. मग तिथून त्यांनी ठोकलेली आरोळी घाटाने दोनदा परत पाठवली.

घरी परतल्यावर मंडळाची बैठक झाली. वेलिकाताई स्वतःच उभी राहिली, निघायच्या दिवसाची चूक कुणी विचारायच्या आत सांगितली, आणि म्हणाली, "पुढच्या वर्षीपासून कामेन बघेल. त्याला मागे ठेवलं होतं मी, त्याने माणूस सोडला नाही. एवढं मला पुरे."

"आणि तुम्ही?" कामेनने विचारलं.

"मी येणारच. सल्ला देईन, तू ऐकणार नाहीस, मग भांडू."

जूनमध्ये मेतोदी आणि लाल्का रूसेला आले. रानातल्या बेरींच्या मुरंब्याच्या बरण्या घेऊन. मी नदीकाठी मोठ्या पातेल्यात मासळीचा रस्सा केला, आमच्याकडे करतात तसा, झणझणीत. लाल्काने तीनदा मागून घेतला. मेतोदी पाण्यात पाय सोडून बसला होता आणि वेलिकाताई त्याला समोरून जाणारी एकेक बोट कुठून आली, तिच्यात काय भरलंय, ते सांगत होती.