अंगठ्याखालची नाडी

नर्सिंगला जाण्याआधी शरीरशास्त्राचा ऑनलाइन कोर्स उरकायचा म्हणून माझी लेक मेघना सगळे व्हिडिओ दुप्पट वेगानं बघते. परवा पडद्यावरचं हृदयसुद्धा घाबरल्यासारखं धडधडत होतं. मी शेजारी निवांत गवार मोडत होते.

“आई, हात दे.” तिनं माझ्या मनगटावर अंगठा दाबला. मोजता मोजता तिचा चेहरा उतरला. “केवढी पळतेय गं तुझी नाडी!”

अंगठ्यानं नाडी बघू नये, त्यात आपलेच ठोके लागतात, असं मागे दवाखान्यातल्या सिस्टरनं मला सांगितलं होतं. व्हिडिओतही असेलच, त्या वेगात निसटलं असणार. म्हणजे ही धडधड पोरीची होती. उद्या आजाऱ्याच्या मनगटावरही ती स्वतःचीच भीती मोजेल का?

“अंगठा नको, दोन बोटं ठेव,” मी म्हटलं.

तिनं पुन्हा मोजलं. आता मात्र माझीच नाडी पळत होती.