काडीपैलवानाचे डबे

व्यायामशाळेत सगळे त्याला 'सर' म्हणत, पण घरी ताईच्या तोंडी तो अजूनही काडीपैलवानच होता. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं. आपल्या पेल्यातलं दूध त्याच्या पेल्यात ओतायची आणि वर 'मला दूध आवडत नाही' अशी थाप मारायची. आता त्याच्या दंडाला शर्टाची बाही पुरत नव्हती, तरी नाव काही सुटलं नाही.

काडी झाली होती ती ताई. पोटाच्या दुखण्याने तिला पार पोखरलं होतं. अंगात जरा ताकद येऊ दे, वजन वाढू दे, मगच ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाले आणि हा कंबर कसून कामाला लागला. वजन वाढवणं तर त्याच्या हातचा मळ. ओट्यावर प्रोटीनच्या डब्यांची रांग लागली. व्हे लवकर अंगी लागतं, पण तिला मळमळायचं. केसीन सावकाश पचतं, पण इतकं घट्ट की घशाखाली उतरेना. वजन वाढवायचा गेनर म्हणजे नुसती साखर. तो त्याने दुकानदाराच्या तोंडावर फेकला. शेवटी सोया पोटात टिकलं. ताई म्हणाली, भिजवलेल्या पुठ्ठ्याची चव आहे. तरी नाक दाबून प्यायची.

मग काटा हलला. दर सोमवारी तो तिला धरून वजनकाट्यावर उभं करी, आणि आकडा वर सरकत होता. स्वारी हवेत. व्यायामशाळेत दिसेल त्याला सांगत सुटला. डॉक्टरांची वेळही घेतली.

निघायच्या सकाळी तो तिच्या पायात चपला घालायला खाली बसला. चप्पल चढेना. पट्टा सैल केला, तरी चढेना. त्याने तिच्या घोट्यावर अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला.

क्रिएटिनची पावडर खाऊन फुगलेल्या पोरांना तो वर्षानुवर्षं हेच ऐकवत आला होता: वजन वाढलं म्हणून नाचू नका, पाणी आहे ते. घरात मात्र डोळ्यांवर कातडं ओढून बसला होता. त्याला स्वतःची चीड आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"कधीपासून सुजलेत पाय?"

"झाले बरेच दिवस," ताई म्हणाली. "काटा बघून तू इतका खूश व्हायचास. म्हटलं, असू दे."

तिने त्याच्या केसांतून हात फिरवला.

"जा, तो पेला करून आण. आवडायला लागलंय मला ते."

दूध आवडत नाही म्हणायची, तोच आवाज. तो उठला, ओट्यापाशी गेला आणि पावडर पाण्यात ढवळत राहिला.